फुटबॉलमधली फिरती कारकीर्द : खानदेशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर दिसतात ते मोजके तारे. बाकीचे बहुतेक व्यावसायिक फुटबॉलपटू एक-दोन हंगामांच्या करारावर खेळतात आणि करार संपला की बॅग भरून दुसऱ्या शहरात जातात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलाला हा खेळ पेशा म्हणून करायचा असेल, तर त्याच्या वाट्याला बहुधा हीच कारकीर्द येईल. या वाटेवर पहिला करार पायातल्या खेळावर मिळतो. पुढचे सगळे मिळतात ते कागद चोख असल्यामुळे, शरीर धड असल्यामुळे आणि माणूस भरवशाचा असल्यामुळे. खालची उत्तरं हेच धरून लिहिली आहेत.

सारखे क्लब बदलणं म्हणजे अपयश नाही का?

नाही. मुंबईच्या राहुल भेकेचं उदाहरण घ्या. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स, पुणे सिटी असा फिरत तो बंगळुरू एफसीत गेला. 17 मार्च 2019 ला इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या अंतिम सामन्यात 117व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून त्याने बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं. पुढे मुंबई सिटीकडून 2022 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकी क्लबविरुद्धचा विजयी गोलही त्याचाच. खुद्द सुनील छेत्री बंगळुरूत स्थिरावण्याआधी मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो अशा अनेक क्लबांतून खेळला. उरुग्वेच्या सेबास्तियन अब्रेऊने 2017 मध्ये 26वा क्लब गाठून जागतिक विक्रम केला आणि त्यानंतरही खेळत राहिला. जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनश्टील जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळला.

भारतात फिरण्याचं कारण बहुतेक वेळा खेळाडूत नसतं, क्लबांत असतं. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, जेसीटी 2011 मध्ये. 2025 मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. चांगलं खेळूनही दुसरं घर शोधावं लागतं, हे घरच्यांनी आधीच समजून घेतलेलं बरं.

खानदेशातून सुरुवात कुठून करायची?

शाळेपासून. सुब्रोतो कप (शाळांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा) आणि इतर शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातर्फे होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी ती चढण आहे. आपला विभाग नाशिक. प्रत्येक टप्प्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा, पुढे नोकरीला तेच लागतं. शाळेबाहेर जिल्हा फुटबॉल संघटनेशी संलग्न क्लबात नाव नोंदवा. महाराष्ट्रातल्या जिल्हा संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे ‘विफा’च्या छत्राखाली येतात आणि विफा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला जोडलेली आहे. (पुढे ‘महासंघ’ म्हणजे हाच.)

महाविद्यालयात गेल्यावर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी चुकवू नका. विद्यापीठ संघ पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो. तिथे मुंबई, पुणे, गोव्याची मुलं समोर येतात आणि आपण नेमके कुठे आहोत ते एका सामन्यात कळतं. वयाची मर्यादा 17 ते 25.

मात्र 17-18 व्या वर्षी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावंच लागतं. वर्षाला 25-30 स्पर्धात्मक सामने खेळायला मिळाल्याशिवाय खेळ पिकत नाही आणि एवढे सामने आपल्याकडे मिळत नाहीत.

कागदपत्रांत नेमकं काय अडतं?

सगळ्यात जास्त अडतं ते नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी लिहितात : पाटील राहुल संजय. आधारवर तेच राहुल संजय पाटील होतं, पासपोर्टवर वडिलांचं नाव गळतं, जन्मदाखल्यावर स्पेलिंग तिसरंच. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत अशी दोन वेगळी नावं गेली की एकाच मुलाचे दोन फिफा क्रमांक तयार होऊ शकतात. मग बदलीच्या आठवड्यात अर्ज लटकतो आणि नोंदणीची खिडकी, म्हणजे क्लब बदलण्यासाठी ठरवून दिलेला काळ, संपून जातो. म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षीच जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिघांवर नाव, जन्मतारीख आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या. पासपोर्ट त्यानंतर काढा.

दुसरी अडचण वयाची. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यावर संशय घेतला जातो. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. वय दोन वर्षांनी कमी लावून मुलाला 15 खालच्या संघात घुसवणारे ‘हितचिंतक’ भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. पकडला गेला तर बंदी मुलावर येते, त्या माणसावर नाही.

मुंबई-पुण्याच्या मैदानावर गेल्यावर काय बदलतं?

चेंडूचा वेग. आपली मैदानं काळ्या मातीची. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात बूट चिखलात रुततो, चेंडू टप्पा घेऊन कुठेही उडतो. त्यामुळे आपली मुलं चेंडू थांबवून, पायाखाली घेऊन मग वर बघतात. मुंबईत कूपरेज किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर कृत्रिम गवत आहे. तिथे पास घसरत येतो आणि थांबवायला वेळच नसतो. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहायचं आणि पहिल्याच स्पर्शाला तो मोकळ्या जागेत ढकलायचा, ही सवय लागेपर्यंत साधारण महिना-दोन महिने जातात. (1956 च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा ते हेच. त्या मैदानावर पाय ठेवणाऱ्याला हे माहीत असावं.)

त्या सवयीची तयारी घरीही होते. सिमेंटच्या भिंतीपासून पाच पावलांवर उभं राहायचं, चेंडू जोरात मारायचा आणि परत येताना एका स्पर्शात डावी-उजवीकडे वळवायचा. दोन्ही पायांनी रोज 200 वेळा.

बूट दोन जोड लागतात. लांब खिळ्यांचे ओल्या नैसर्गिक मैदानासाठी, आखूड आणि जास्त खिळ्यांचे कृत्रिम गवतासाठी. लांब खिळे कृत्रिम गवतात अडकतात, पाय जागेवर राहतो आणि शरीर वळतं. गुडघ्याचा लिगामेंट असाच जातो.

ट्रायलला काय घेऊन जायचं, काय दाखवायचं?

चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ असावा. पहिल्या तीस सेकंदांत तुमचं सर्वांत चांगलं काम दिसलं पाहिजे आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तुमच्याभोवती खूण हवी. सोबत एका पूर्ण सामन्याचं चित्रण ठेवा. जाणकार प्रशिक्षक तेच मागतात, कारण चेंडू पायात नसताना तुम्ही काय करता ते त्यांना बघायचं असतं. फोन मैदानाच्या मध्यरेषेवर, पाण्याच्या टाकीवर किंवा गच्चीवर उंच ठेवून चित्रण करा. जमिनीवरून घेतलेल्या चित्रणात काहीच कळत नाही.

प्रत्यक्ष ट्रायलमध्ये एकच जागा सांगा. ‘कुठेही खेळतो’ म्हणणाऱ्याला उरलेल्या जागेवर टाकतात. तिथे ड्रिबलिंगची हौस भागवणारे खूप असतात. चेंडू गेल्यावर लगेच मागे धावणारा आणि शेजाऱ्याला ओरडून सावध करणारा मुलगा वेगळा उठून दिसतो.

कोणत्या जागेवरच्या खेळाडूला जास्त मागणी असते?

वरच्या क्लबांत परदेशी खेळाडू बहुधा स्ट्रायकर, मधल्या फळीचा सूत्रधार आणि मधला बचावपटू या जागांवर घेतले जातात. आयएसएलमध्ये 2021-22 पासून एका वेळी चार परदेशी मैदानावर असू शकतात. उरलेल्या जागा, म्हणजे दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू), विंग (कडेचे आक्रमक) आणि गोलकीपर, मुख्यतः भारतीयांकडे. डाव्या पायाचा फुलबॅक तर नेहमीच शोधला जातो. मुलगा डावखुरा असेल आणि त्याचा वेग बरा असेल, तर त्याला स्ट्रायकर करण्याचा हट्ट सोडा.

‘पगार कितला भेटस?’

हा प्रश्न पालक पहिल्या पाच मिनिटांत विचारतात आणि तो योग्यच आहे. आकडा क्लबावर आणि स्तरावर इतका बदलतो की सरासरी सांगण्यात अर्थ नाही. हिशोब कसा करायचा ते सांगतो. समजा महिना 30,000 रुपये ठरले, पण करार नऊ महिन्यांचा आहे. वर्षाचे झाले 2,70,000, म्हणजे खरा महिना 22,500. बरेच क्लब ही रक्कम व्यावसायिक शुल्क म्हणून देतात आणि 10 टक्के टीडीएस कापतात. अशा करारात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. विवरणपत्र भरलं तर कापलेला कर बहुतेकदा परत मिळतो, न भरणाऱ्याचा सरकारजमा राहतो. राहणं-जेवण क्लबाचं नसेल तर मुंबईत 22,500 मधून काही उरत नाही.

बिनपगाराच्या तीन-चार महिन्यांसाठी चालू पगारातून दरमहा चौथा हिस्सा बाजूला काढा. क्लब बदलणाऱ्या खेळाडूला याशिवाय पर्याय नाही.

करारावर सही करण्याआधी काय वाचायचं?

सगळं, आणि सावकाश. या जागा बोट ठेवून वाचा :

मुदत. फिफाच्या नियमांनुसार करार किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. 18 वर्षांखालील खेळाडूचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार चालत नाही आणि सहीला पालक हवेत. सुरुवातीची आणि शेवटची तारीख आकड्यांत लिहिलेली असावी. ‘हंगाम संपेपर्यंत’ एवढंच लिहिलं असेल तर कोणत्या स्पर्धेपर्यंत, ते लिहून घ्या.

पैसे. दरमहा कोणत्या तारखेला, बँकेत की रोख. रोखीचा पगार पुढे सिद्ध करता येत नाही. बोनस तोंडी ठरला असेल तर तो नाही असंच समजा.

मुदतवाढीचा पर्याय. ‘क्लबाची इच्छा असल्यास आणखी एक वर्ष’ हे वाक्य शेवटच्या पानावर दडलेलं असतं. त्यात नवीन पगाराचा आकडा नसेल तर जुन्याच पगारावर वर्षभर अडकाल.

दुखापत. शस्त्रक्रियेचा, फिजिओचा खर्च कोणाचा आणि त्या काळात पगार चालू राहतो का. विम्याच्या पॉलिसीची प्रत हातात घ्या, ‘विमा आहे’ हे शब्द पुरेसे नाहीत.

वैद्यकीय तपासणी. ती सहीच्या आधी झाली पाहिजे. तपासणीत पास झालात तरच करार लागू, अशी अट घालायला फिफाचे नियम परवानगी देत नाहीत.

आणि सही केलेली प्रत त्याच दिवशी घ्या. ‘ऑफिसमधून पाठवतो’ म्हणून ठेवलेली प्रत भांडणाच्या वेळी सापडत नाही. निदान प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

पगार थकला तर?

पहिल्या महिन्यातच लेखी आठवण द्या, ईमेलने. व्हॉट्सअॅपवरचं ‘सर, पेमेंट कधी?’ पुरेसं नाही. फिफाच्या नियमानुसार किमान दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने क्लबाला लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत दिली आणि तरीही पैसे आले नाहीत, तर त्याला योग्य कारणाने करार तोडता येतो. नोटीस न देता बॅग उचलून घरी आलात तर उलट तुम्हीच करार मोडला असं ठरू शकतं आणि भरपाई तुमच्याकडे मागितली जाते. देशांतर्गत वाद महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे जातो. मदतीला फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे.

एक फसगत वारंवार होते. क्लब ‘परस्पर संमतीने करार समाप्त, कोणतंही येणं बाकी नाही’ असा कागद पुढे करतो आणि ‘सही कर, म्हणजे बदली मोकळी होईल, पैसे पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. खिडकी बंद व्हायला दोन दिवस असतात, पोरगं सही करून टाकतं. तिथेच हक्क संपतो. सही करायचीच असेल तर थकलेली रक्कम आणि ती देण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या.

बदलीचे नियम थोडक्यात?

वर्षात नोंदणीच्या दोन खिडक्या असतात, एक उन्हाळी, दुसरी जानेवारीत. खिडकी बंद होण्याआधीच ज्याचा करार संपलेला आहे, अशा मोकळ्या खेळाडूला नंतरही नोंदवता येतं. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार करता येतो. करार संपल्यावर जुना क्लब तुम्हाला अडवू शकत नाही.

एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, अधिकृत सामने मात्र दोनच क्लबांकडून खेळता येतात. हंगामाच्या सुरुवातीला मित्राच्या क्लबासाठी लीगचा एक सामना ‘सहज’ खेळलात तर दोनपैकी एक संधी तिथेच खर्च होते.

लोनवर, म्हणजे करार कायम ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबात खेळायला जाताना पगार कोणता क्लब किती देणार ते लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय लोन आता एका वेळी एक वर्षापेक्षा जास्त नसतं आणि लोनवर आलेल्या खेळाडूला पुढे तिसऱ्याकडे लोनवर देता येत नाही.

एजंट घ्यावा का?

पहिल्या करारासाठी गरज नाही, ओळखीचा वकील पुरे. घेतलात तर फिफाचा परवाना आहे का ते तपासा. करार लेखी आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. परवानाधारक एजंट त्याचं मानधन करारातून कमावतो. ट्रायलसाठी आगाऊ पैसे मागणारा एजंट नव्हेच. ‘पंधराव्या वर्षी स्पेनच्या क्लबात नोंदणी’ असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, 18 वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली मोजके अपवाद सोडता निषिद्ध आहे. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

मोसम नसताना सेव्हन्सच्या (सात-सात जणांच्या) बक्षिसी स्पर्धा खेळाव्यात का?

करार चालू असेल तर नाही. बहुतेक करारांत मनाई असते आणि तिथे झालेल्या दुखापतीचा खर्च क्लब उचलत नाही. करार नसेल तर खेळा, मैदान पाहून.

दुखापतींचं काय?

फिरत्या खेळाडूची खरी पुंजी म्हणजे खेळलेले सामने. पुढचा क्लब आधी तेच मोजतो. फिफा 11+ हा 15 व्यायामांचा वॉर्म-अप फुकट उपलब्ध आहे, 20 मिनिटं लागतात, आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण करा. त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम मुलं दुखतो म्हणून टाळतात. नेमका तोच हॅमस्ट्रिंग वाचवतो. गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर उतरू नका, क्लबाची घाई कितीही असो.

औषधांबाबत : सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे गेलं की सामन्याच्या काळात निषिद्ध ठरतं. स्टेरॉइडचं इंजेक्शनही त्या काळात बंद आहे, मग ते गुडघ्यात का घेतलेलं असेना. ‘डॉक्टरांनी दिलं’ ही सबब चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. जिममधल्या बिनलेबलच्या पावडरींना हात लावू नका.

आपल्याकडच्या उन्हात सराव कसा करायचा?

एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो. सराव सकाळी सातच्या आत संपवा किंवा सूर्य मावळल्यावर करा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं असेल तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू. सामन्याच्या तीन-साडेतीन तास आधी वरण-भात किंवा भाकरी आणि साधी भाजी. तासभर आधी दोन केळी, जळगावात त्यांना तोटा नाही. शेवभाजी आणि तेलावर परतलेलं भरीत सामना संपल्यावर.

शिक्षण आणि नोकरीचा मेळ कसा घालायचा?

हा निर्णय 23-24 व्या वर्षी घ्यावा लागतो आणि नेमका तेव्हाच खेळ बहरात असतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात भरतीचं वय 18 ते 25 असतं, सवलत मिळत नाही. भुसावळ हा मध्य रेल्वेचा विभाग असल्याने आपल्याकडे ही वाट घराघरांत माहीत आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण आधी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर धावलात तर उशीर होतो.

आमचं मत स्पष्ट आहे. 24 व्या वर्षापर्यंत देशातल्या वरच्या दोन स्तरांच्या लीगमध्ये नियमित जागा मिळाली नसेल आणि रेल्वेची संधी आली, तर ती घ्यावी. रेल्वेचा संघ संतोष ट्रॉफी ही राष्ट्रीय स्पर्धा खेळतो, फुटबॉल सुटत नाही. पदवी मात्र कोणत्याही परिस्थितीत पूर्ण करा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती खेळता खेळता होते.

मुलींना ही वाट आहे का?

आहे. इंडियन विमेन्स लीग 2016-17 पासून सुरू आहे. करार लहान आणि पैसे कमी, त्यामुळे वरचे करार आणि नोकरीबद्दलचे प्रश्न मुलींनी दुप्पट काळजीने वाचावेत.

खेळ थांबल्यावर काय?

बहुतेकांचा 33-35 व्या वर्षी थांबतो, गोलकीपर थोडे पुढे जातात. खेळत असतानाच प्रशिक्षकाचा डी परवाना घ्या, मग सी, बी, ए असा क्रम. 35 व्या वर्षी डीपासून सुरुवात करणाऱ्याला ‘ए’पर्यंत पोहोचायला उशीर होतो.

मुलगा मोठा झाला तर गावातल्या क्लबाला काही मिळतं का?

मिळू शकतं, नोंदणी असेल तर. करार चालू असलेल्या खेळाडूची परदेशी क्लबाकडे पैसे मोजून बदली झाली, तर रकमेच्या 5 टक्के हिस्सा त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. 12 ते 15 या वयाच्या प्रत्येक वर्षाला रकमेच्या पाव टक्का, 16 ते 23 या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा बदली एक कोटीची झाली आणि मुलगा 12 ते 15 ही चारही वर्षं अमळनेरच्या क्लबाकडे नोंदलेला होता, तर त्या क्लबाचे होतात एक लाख रुपये. तेवढ्यात दोन गोलपोस्ट, जाळी आणि वर्षभराचे चेंडू येतात. फुकट बदलीत मात्र हा हिस्सा मिळत नाही आणि ज्या वर्षांची नोंदणी प्रणालीत नाही, त्या वर्षांवर हक्क सांगता येत नाही. म्हणून बाराव्या वर्षी मुलाचं नाव फक्त वहीत लिहून ठेवू नका, महासंघाच्या प्रणालीत चढवा आणि दर हंगामाला नूतनीकरण करा.